मावशीचा पडलेला गुलमोहर नकाशात अजून उभा का?

नेरुळची माझी मावशी नकाशातल्या सॅटेलाइट फोटोवर रागावली होती. "अरे, आमच्या गेटजवळचा गुलमोहर पडून दोन पावसाळे झाले. माणसं आली, करवतीने कापून टेम्पोत घालून घेऊन गेली. आणि ह्यांच्या फोटोत तो अजून उभा! खाली साल बघ, यंदाचं. म्हणजे खोटंच दाखवतात की नाही?"

खोटं नाही दाखवत. पण रोज नकाशा वापरणाऱ्यांनाही जे खटकत नाही, ते मावशीने पहिल्या फटक्यात पकडलं होतं. फोटोच्या कडेला बारीक अक्षरांत दिसणारं साल बहुतेक वेळा कॉपीराइटचं असतं. फोटो कधी काढला त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. मागच्या वर्षीच्या पंचांगाला यंदाचं वेष्टन चढवावं, तसा हा प्रकार.

मी ठाण्याच्या नौपाड्यात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. साइटवर जायच्या आधी प्लॉट वरून बघून घ्यायचा, हे माझं रोजचं काम. मावशीला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही असले फोटो लाल गोल काढून फिरत असतात.

फोटो एक नाही, गोधडी आहे

आपण ज्याला सॅटेलाइट व्ह्यू म्हणतो, तो एका दिवशी, एका कॅमेऱ्याने काढलेला फोटो नसतो. वेगवेगळ्या दिवशी काढलेले शेकडो तुकडे शेजारी शेजारी शिवलेले असतात. काही उपग्रहातून घेतलेले, काही शहरांच्या बाबतीत विमानातून. वर्ल्डव्ह्यू-३ नावाचा उपग्रह साधारण ६१७ किलोमीटर उंचीवरून जातो आणि त्याच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या ३१ सेंटीमीटरचा असतो. म्हणजे छोटी मोटारगाडी जेमतेम बारा ठिपके लांब, आणि गच्चीवर उभा असलेला माणूस एक-दोन ठिपक्यांचा. "वरून सगळं दिसतं, गच्चीत पापड वाळत घालायची सोय राहिली नाही" असं मावशी म्हणते. तिला सांगितलं, पापड बिनधास्त घाल. खाली अंथरलेली चादर कदाचित दिसेल, पापड दिसणार नाही.

गोधडीचे टाके दिसतात. झूम करून खाडीच्या काठाने सरकत जा, एका रेषेवर पाण्याचा रंग एकदम बदलतो. एका बाजूला रस्ता खणलेला, रेषेपलीकडे तोच रस्ता डांबरी आणि वाहता. तिथे दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेत, एवढंच. पूल मध्येच तुटलेला दिसला तर घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे. जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, त्यामुळे चांगले फोटो बहुतेक ऑक्टोबर ते मे या काळातले. म्हणूनच येऊरचा डोंगर नकाशात नेहमी तपकिरी, रुसल्यासारखा दिसतो. जुलैत उपवन तलावाच्या काठावर उभं राहून जो हिरवा डोंगर आपण बघतो, तो या फोटोंमध्ये क्वचितच सापडतो.

तारीख कुठे सापडते

गूगल मॅप्सच्या साध्या नकाशात फोटोची तारीख दिसत नाही. त्यासाठी गूगल अर्थ उघडायचं. हा कार्यक्रम २००५ साली आला. त्याची संगणकावरची प्रो आवृत्ती आधी पैसे देऊन घ्यावी लागायची, २०१५ पासून फुकट आहे. प्रोमध्ये वरच्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की तारखांची एक पट्टी उघडते, ती मागे ओढली की जुने फोटो येतात. २०२४ पासून ही सोय ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवरही आली आहे. तिथे तिला हिस्टॉरिकल इमेजरी म्हणतात. वेगवेगळ्या तारखांचे तुकडे लावून बघितले की झाड कुठल्या दोन तारखांच्या मध्ये गेलं ते कळतं. नेमका दिवस कळत नाही. मावशीचा गुलमोहर ज्या फोटोत उभा होता, तो फोटो झाड पडायच्या आधीच्या फेब्रुवारीतला निघाला.

पट्टी मागे ओढताना एक गंमत दिसते. तीच इमारत एका तारखेला इथे, दुसऱ्या तारखेला दोन-चार मीटर सरकलेली. इमारत कुठे जात नाही, फोटो जमिनीवर बसवताना तेवढी चूक राहते. त्यामुळे "बिल्डरने भिंत दोन मीटर पुढे घेतली" हे दोन फोटो एकमेकांवर ठेवून सिद्ध करायला जाऊ नका. आधी शेजारची, हमखास न हललेली एखादी गोष्ट बघा: जुनी पाण्याची टाकी, देवळाचा कळस, रेल्वेचा रूळ. तीही तेवढीच सरकली असेल तर भिंत जागच्या जागीच आहे.

आणखी दोन ठिकाणं माहीत असावीत. इस्रोचं भुवन नावाचं नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. आणि नकाशांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एस्री कंपनीचं वेबॅक नावाचं दालन आहे, त्यात फोटो-नकाशाच्या २०१४ पासूनच्या आवृत्त्या जपलेल्या आहेत. वेबॅकमध्ये मात्र फसायला होतं. वरची तारीख तो फोटो नकाशात कधी चढवला त्याची असते; जागेवर क्लिक केलं की खरी काढल्याची तारीख दिसते, आणि ती बरीच जुनी निघू शकते.

तारीख कुठेच नसेल तर फोटोच बोलतो. पत्र्यांवर, गच्च्यांवर निळ्या ताडपत्र्या दिसल्या की पावसाळा तोंडावर आला आहे किंवा नुकताच गेला आहे. मैदानात मोठा मांडव असेल तर सणासुदीचे दिवस. सर्वांत भरवशाची मात्र सावली. असे बरेच उपग्रह स्थानिक सूर्यवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात. ठाणं भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला, म्हणून आपल्या घड्याळात तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. डिसेंबरात त्या वेळी सूर्य आग्नेयेकडे जेमतेम ४२ अंशांवर असतो, म्हणून इमारतींच्या सावल्या लांब, उत्तर-वायव्येकडे पडतात. लांबी इमारतीच्या उंचीपेक्षा थोडी जास्तच. मे महिन्याच्या मध्याला त्याच वेळी सूर्य पूर्वेला ६९ अंशांपर्यंत चढलेला असतो. सावली आखूड, उंचीच्या चाळीस टक्क्यांहून कमी, आणि सरळ पश्चिमेला. घोडबंदर रोडवरचे टॉवर बघा: काळे पट्टे शेजारच्या इमारतींवर चढले असतील तर थंडी, पायाशी गोळा झाले असतील तर उन्हाळा. याच हिशेबाने उलटं जाऊन सावलीवरून मजलेही मोजता येतात. साहेब याला पोरखेळ म्हणतात, पण माझा अंदाज एक-दोन मजल्यांपलीकडे चुकत नाही.

टॉवर का झुकलेले दिसतात

आता माझी फजिती.

कोलशेतकडच्या एका सोसायटीत दोन चौदा मजली इमारतींच्या मधून पाण्याचा टँकर जाईल का, एवढंच बघायचं होतं. मी ऑफिसात बसून मोजपट्टीचं बटण दाबलं, एका इमारतीच्या कडेवर पहिला बिंदू, दुसरीच्या कडेवर दुसरा, उत्तर आलं साडेचार मीटर. "अडचण आहे," असं सोसायटीच्या सेक्रेटरींना छातीठोक कळवूनही टाकलं. साहेब दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले. अंतर भरलं बारा मीटर. टँकरच काय, टँकर वळवून परत काढता आला असता.

चूक कुठे झाली? उपग्रह प्रत्येक इमारतीच्या बरोबर डोक्यावर नसतो, तिरका बघत असतो. दहा अंश तिरका असला तर ४२ मीटर उंच इमारतीची गच्ची फोटोत तिच्या पायथ्यापासून सुमारे सात मीटर बाजूला सरकलेली दिसते. फोटो जमिनीवर नीट बसवलेला असतो, गच्चीवर नाही. मी एका इमारतीचा पायथा आणि दुसरीची गच्ची यांच्यामधलं अंतर मोजलं होतं. मधला सात मीटरचा रस्ता झुकलेल्या टॉवरच्या अंगाखाली झाकला गेला होता.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. मोजायचं तर जमिनीला टेकलेल्या जागांमध्ये मोजायचं: कुंपण, गटाराचं झाकण, रस्त्याची कड, पार्किंगचे पट्टे. पायथा दिसत नसेल तर तारखांची पट्टी ओढायची. वेगळ्या दिवशी उपग्रह वेगळ्या बाजूने आलेला असतो, इमारत उलट दिशेला झुकते आणि झाकलेली बाजू मोकळी होते. सोलर पॅनलसाठी गच्चीचं क्षेत्रफळ हवं असेल तर मात्र झुकण्याने फारसं बिघडत नाही. गच्ची सरकते, तिचा आकार जवळपास तोच राहतो. चारही कोपरे गच्चीचेच घ्या म्हणजे झालं.

आधी स्वतःची बघण्याची दिशाही सरळ करून घ्या. हात लागून नकाशा फिरतो, तिरपा होतो आणि आपल्याला वाटतं समोर उत्तर आहे. अर्थच्या प्रोमध्ये इंग्रजी एन दाबलं की उत्तर वर येते, यू दाबलं की बरोबर वरून दिसतं, आर दाबलं की दोन्ही.

मोजपट्टी, गुंठे आणि बोगदा

गूगल मॅप्समध्ये संगणकावर उजवं बटण दाबून मेजर डिस्टन्स निवडायचं. मोबाइलवर जागेवर बोट दाबून धरायचं आणि खालून वर येणाऱ्या यादीत तोच पर्याय शोधायचा. संगणकावर बिंदू टाकत टाकत शेवटचा बिंदू पहिल्यावर आणला की क्षेत्रफळ येतं, ते चौरस मीटरमध्ये. आपल्या डोक्यात गुंठे असतात. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे चौरस मीटरच्या आकड्यातली शेवटची दोन स्थानं सोडली की ढोबळ गुंठे हातात.

हात बसवायला ओळखीची अंतरं मोजा. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते अंतर ३४ किलोमीटर. आज सीएसएमटी ते ठाणे स्टेशन सरळ रेष ओढली तर सुमारे ३१ भरतात. वरचे तीन किलोमीटर रुळांच्या वळणांचे. एक सरळ रेष ओढणं आणि बिंदू टाकत वाटेने जाणं यातला फरक इथे लगेच समजतो. अटल सेतूचं समुद्रावरचं अंतर साडेसोळा किलोमीटर आहे, तेही मोजून बघा. मला सर्वांत आवडतो तो पारसिकचा बोगदा. १९१६ सालचा, सुमारे १.३ किलोमीटर लांब. कळव्याकडून येणारे रूळ डोंगराच्या पोटात गडप होतात आणि पलीकडे मुंब्र्याच्या अंगाला उगवतात. दोन तोंडांवर दोन बिंदू टाका, डोंगर न खणता बोगदा मोजून होतो.

उंचीचा आकडा मात्र जपून घ्या. प्रोमध्ये वाट आखून तिच्यावर उजवं बटण दाबलं की चढउताराचा आलेख येतो. येऊरच्या पाटोणपाड्याकडून उपवनपर्यंत पाणी कसं उतरेल याचा ढोबळ अंदाज त्यातून छान येतो. पण अनेक नकाशांच्या उंचीचा पाया फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या अकरा दिवसांच्या मोजणीवर आहे. फोटो ताजा आणि उंची जुनी, असा संसार चालू असतो. जिथे टेकडी कापून सपाट केली आहे, तिथे फोटोतली जमीन कधीकधी उगाच फुगलेली दिसते, ती त्यामुळे. गटाराचा उतार यावरून ठरवू नका.

खाडीच्या फोटोंवरून भांडण्याआधी

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. त्यामुळे खारफुटीवर लोकांचं बारीक लक्ष असतं आणि ते चांगलंच आहे. पण "आधी आणि आता" म्हणून जोडी करून पाठवलेले फोटो पुष्कळदा भरती आणि ओहोटीचे असतात. ओहोटीला ऐरोली ते वाशी खाडीच्या दोन्ही अंगांना चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. ज्याने कधी खाडी पाहिलेली नाही त्याला तिथे भराव टाकला असं वाटणारच.

तुलना करायची तर एकाच महिन्याचे फोटो घ्या, आणि पाण्याची कड बघू नका, झाडांची कड बघा. चिखलाचा रंग भरतीबरोबर बदलतो. खारफुटीचा गडद हिरवा पट्टा एका दिवसात हलत नाही. भरावाच्या कडा सरळ असतात, त्यावर डंपरच्या चाकांची वाट दिसते. एवढं दिसलं तर जरूर तक्रार करा, आणि सोबत फोटोची तारीख लिहा.

दर पाच दिवसांनी ताजा फोटो हवा असेल तर युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह आहेत, कोपर्निकस ब्राउझरवर ते फुकट बघता येतात. पण त्यातला एक ठिपका दहा मीटरचा. मावशीची अख्खी इमारत चार-सहा ठिपक्यांत आटोपते, गुलमोहराचा प्रश्नच नाही. मोठा भराव, वणवा, आटलेला तलाव यासाठी ते उत्तम. मोरबे धरणाचं पाणी एप्रिलमध्ये कुठवर ओसरलं हे मी दर उन्हाळ्यात तिथेच बघतो, कारण नव्या मुंबईतल्या नातेवाइकांची पाणीकपात त्यावर ठरते.

खुणा, फायली आणि नॉर्वे

जागा कुणाला पाठवायची तर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश येतात. ठाण्याचा अक्षांश १९.२ च्या आसपास, रेखांश ७२.९७. दशांशानंतर पाच आकडे दिले तर जागा मीटरभरात सापडते. दोनच दिले तर किलोमीटरभर हिंडत बसायचं. प्लॉटची हद्द आखून तिची केएमएल फाइल पाठवता येते, समोरच्याच्या अर्थमध्ये ती जशीच्या तशी उघडते. गोम एवढीच की केएमएलमध्ये आधी रेखांश लिहितात, मग अक्षांश, आपल्या सवयीच्या उलट. आमच्याकडच्या नव्या मुलाने हाताने आकडे भरताना अदलाबदल केली, आणि नौपाड्यातला प्लॉट नॉर्वेच्या उत्तरेला बर्फगार समुद्रात जाऊन पडला. "सी-फेसिंग आहे," साहेब म्हणाले.

अशा आखलेल्या हद्दीला कायद्याने काही किंमत नाही, हे सांगून ठेवतो. सातबारा, मालमत्ता पत्रक आणि भूमी अभिलेखच्या भूकरमापकाने केलेली मोजणी, वाद मिटतो तो यांच्यावर. महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन जमीन-नकाशावरचे गट नंबर फोटोवर अंथरून बघता येतात, पण तिथेही रेषा आणि बांध यांचं फारसं जमत नाही. अंदाज घ्यायला चालतं; कुंपण घालायला नाही.

नवी मुंबई वरून बघायची मजा वेगळीच आहे. नोड आणि सेक्टर चौकटीच्या वहीसारखे आखलेले, आणि मध्येच कुठे कुठे जुनं गावठाण, गुंता झालेल्या दोऱ्यासारखं. जुहूगाव, करावे, कोपरखैरणे गाव नाव न वाचताही ओळखू येतात. नकाशावरची नावं बंद करून बघा, म्हणजे डोळा नीट काम करतो. अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची वर्षं भराभर पुढे सरकतात. मिठागरं आणि भातखाचरं मिटत जातात आणि वह्या उघडत जातात.

आमच्या ऑफिसातले एक दादा मूळ चिंचपाड्याचे. विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांतलं एक. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या मशीनवर तारखांची पट्टी मागे ओढायला सांगितली. मागे, अजून मागे. सपाट करडी जमीन गेली, पत्रे आले, कौलं आली, वाट आली. "थांब," म्हणाले. खुर्ची घेऊन स्वतः बसले आणि त्यांच्या वाड्याभोवती एकेक बिंदू टाकत गेले.

३७१ चौरस मीटर. पावणेचार गुंठ्यांनाही जरा कमीच.

"वडील कायम चार सांगायचे," ते म्हणाले. मग स्क्रीनजवळ वाकून बघितलं आणि वायव्येच्या कोपऱ्यातल्या हिरव्या गोळ्यावर बोट ठेवलं. "हा आंबा. ह्याने कोपरा झाकलाय. कुंपण ह्याच्या पलीकडे होतं, विहिरीच्या अंगाला." बिंदू उचलून त्यांनी झाडाखाली, कुणालाच न दिसणाऱ्या जागी नेऊन ठेवला. आकडा ४०३ वर गेला.

"चारच की," म्हणाले, आणि डबा उघडला.